वहिनींनी टाकी धुतली

वहिनी जगाचे दोनच भाग करायच्या: धुतलेलं आणि धुवायचं राहिलेलं. मधलं काही नाही. भांडं असो, पडदा असो की लांबचा नातेवाईक, त्याची रवानगी या नाहीतर त्या ढिगात व्हायचीच. आणि एकदा का तुम्ही दुसऱ्या ढिगात गेलात की मग तुमचं काही खरं नाही.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. गेली कसली, गाजली! चादरीवर पुसटसा डाग राहिला तर भल्याभल्या डॉक्टरांची वहिनींसमोर बोबडी वळायची. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या बायकांनी साबणचुऱ्याचं एक पोतं त्यांना भेट दिलं, थट्टा म्हणून. वहिनींना थट्टा कळलीच नाही. त्यांना भरून आलं. घरी जाताना पोतं त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं नाही, स्वतः उचललं.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेत सुतारकाम शिकवायचे. माणूस अगदी गरीब, वरचा आवाज म्हणून नाही, ताटात पडेल ते खाणार, सांगाल ते ऐकणार. पण एकही व्यसन नसलेला माणूस जन्माला यायचा आहे अजून. कुणाला पत्त्यांचं असतं, कुणाला बाटलीचं. मास्तरांना वाफेचं होतं. त्यांच्यासारखीच वाफ डोक्यात गेलेली दहा-बारा माणसं गावात होती. लहानपणी ज्या जातीच्या इंजिनामागे ती धावली, त्या जातीचं एकही इंजिन आता शिल्लक नव्हतं, सगळी भंगारात गेलेली. तर या शहाण्यांनी ठरवलं काय, की जुने आराखडे शोधायचे आणि इंजिन नवीन बांधायचं. छोटं नाही हो, बागेत पोरांना फिरवणारं नाही. अख्खंच्या अख्खं, चिमणीपासून चाकापर्यंत नवंकोरं, मेन लाइनवर एक्सप्रेस ओढणारं! शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी या वयात सवत आणलीय माझ्यावर. वजन शंभर टन."

आता असं बघा, इंजिनाचं चाक ओतायचं तर आधी ते लाकडाचं करावं लागतं. हुबेहूब. मग त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं पोलाद सोडायचं. हे लाकडी चाक करायचं काम मास्तरांकडे आलं आणि मास्तरांनी ते केलं बाहेरच्या खोलीत. पुरुषभर उंचीचं चाक खोलीत आडवं पडलं. खुर्च्या गेल्या माळ्यावर, टेबल गेलं जिन्याखाली. मग चहा-नाश्ता कुठे करायचा? चाकावर! कित्येक महिने त्या घरात मंडळी चाकाभोवती बसून जेवली. वहिनींनी त्यावर टेबलक्लॉथ घालून पाहिला, तो आऱ्यांच्या मधून खाली जायचा.

यथावकाश चाक ओतून आलं आणि मास्तर ते इंजिन बांधायच्या शेडमध्ये जाऊन बघून आले. एका आऱ्याच्या बुडाशी पोलादाचा बारीकसा फोड आला होता. "ओतकामात होतं असं," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "कुठल्या आऱ्याला? खिडकीकडच्या?" "हो." "तुमच्या बाजूच्या?" "हो." "जॅम," वहिनी म्हणाल्या.

आणि जॅमच होता तो! मास्तरांच्या ब्रेडवरून गळलेला, वाळलेला, वरून रोगण लावल्यामुळे पक्का झालेला. वाळू बिचारी काय, तिला लाकूड दिसलं तर लाकडाचा ठसा घेईल, जॅम दिसला तर जॅमचा. इंजिनाला त्याने काही अपाय नव्हता, पण वहिनींची झोप उडाली. आपल्या घरातला डाग, आणि तो पोलादात! जगातल्या कुठल्याही साबणाने न जाणारा! दुसऱ्या दिवशी त्या तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायला म्हणून शेडमध्ये गेल्या, पहिल्यांदाच. डाग पाहिला, मग शेड पाहिली. तेल, ग्रीस, लोखंडाचा कीस, कोपऱ्यात चहाचे न विसळलेले कप. त्यांनी पदर खोचला, बादली मागितली, आणि त्यानंतर त्या शेडमधून हलल्याच नाहीत.

शेडमध्ये एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांना सगळे काका म्हणत. खऱ्या वाफेच्या काळात खरं इंजिन चालवलेला त्यांच्यातला हा एकटाच माणूस, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान आणि जिभेला लगाम नाही. वहिनी वर्षभर इंजिनाचे भाग रॉकेलने पुसत होत्या, ते काका बिडी ओढत बघत होते. एक दिवस म्हणाले, "वहिनी, रेल्वेचा जुना रिवाज ठाऊक आहे का? इंजिन पुसणाराच पुढे फायरमन होतो. आम्ही सगळे पुसण्यातूनच वर आलो. तुम्ही या हरामखोरांपेक्षा जास्त पुसलंय. तेव्हा बढती तुमची."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, कारण रिवाज म्हणजे रिवाज. शिवाय उरलेल्या मंडळींकडे बघा: कुणाची कंबर गेलेली, कुणाचे गुडघे, एकाच्या छातीत डॉक्टरांनी काहीतरी बसवलेलं. कोळसा मारणार कोण? वहिनींच्या दंडांनी मात्र जन्मभर ओल्या चादरी पिळल्या होत्या. काकांनी शेडच्या मागे फळ्यांची चौकट उभी केली, मधे भट्टीच्या दाराएवढं भोक ठेवलं आणि पलीकडे जमिनीवर खडूने चौकोन आखले. खडीचा ढीग इकडे, वहिनी मधे, काका खुर्चीत. "मागचा डावा कोपरा! आता पुढे! अहो, वाढताय काय पंगतीला? मनगट फिरवा!" पहिल्या दिवशी निम्मी खडी फळीला लागून उलटी वहिनींच्याच पायावर आली. आठवडाभर त्या लंगडत होत्या आणि काकांना मनातल्या मनात काय काय म्हणत होत्या ते लिहिण्यासारखं नाही. पण शिकल्या. मग इंजिन शेडच्या रुळांवर जेव्हा पहिल्यांदा पेटलं, तेव्हा आग धरायलाही शिकल्या. धूर काळा झाला तर कोळसा जास्त पडला, वरची झडप फुसफुसली तर वाफ वाया गेली, दोन्हीसाठी काकांच्या शिव्या ठरलेल्या. सकाळी काका फावडं धुऊन, भट्टीत तापवून त्यावर अंडी तळायचे, सगळेच फायरमन करत म्हणे. वहिनी ते फावडं आधी स्वतः पुन्हा एकदा धुवायच्या. शेवटी रेल्वेची फायरमनची परीक्षासुद्धा त्या पास झाल्या. लेकीने पेढे वाटायचे की रडायचं हे न कळून दोन्ही केलं.

मास्तर त्यांना कोळसा मारताना बघायला कधी शेडच्या मागे आले नाहीत. "मी बघायला लागलो की तू चुकतेस," म्हणायचे. खरं कारण वेगळंच निघालं.

एक दिवस ते कपात चहा ओतत होते आणि चहा कपाच्या शेजारी पडत होता. वहिनी ओरडणार होत्या, पण त्यांनी मास्तरांचा चेहरा पाहिला आणि ओरडल्या नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच जुना. नजर कडेकडेने मिटत आत येते, शेवटी मधोमध एक भोक राहतं, मग तेही जातं. गेलेलं परत येत नाही. मास्तरांना कधीपासून कळत होतं? त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मंडळींनी त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली असती.

वहिनी त्या दिवशी नवऱ्याशी कडाकडा भांडल्या. आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या.

डॉक्टर म्हणाले होते, भर उजेडात अजून काही महिने समोरचं दिसेल. उजेड उतरला की काही नाही. मास्तर म्हणाले, "तेवढं पुरे. इंजिन शेडमध्ये रांगताना पाहिलंय मी. मला ते एकदा धावताना बघायचंय. पूर्ण वेगात, बाहेरून. मग डोळे गेले तर गेले."

तेव्हा वहिनींना पहिल्यांदा इंजिन लवकर पूर्ण व्हावं असं वाटलं. इतरांना वाटायचं तसं नाही. त्यांना घाई सुटली. त्या शेडमध्ये सगळ्यांच्या मागे लागल्या, रंगवणाऱ्याच्या, वायरिंगवाल्याच्या, ज्याच्या छातीत काहीतरी बसवलं होतं त्याच्यासुद्धा. अखेर मेन लाइनवरच्या चाचणीचा दिवस मिळाला. रेल्वेने एकच दिवस दिला होता. तो हुकला तर पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी! वहिनींनी तारीख ऐकली आणि हाताला लागेल ते धुवायला काढलं.

आता मी सांगतो तो गाढवपणा जगात दुसऱ्या कुणी केला नसता. कोळसा आणि पाणी वाहणारा इंजिनामागचा डबा, म्हणजे टेंडर, अगदी शेवटी तयार झाला. शेडमधल्या फेऱ्या नळाच्या पाण्यावर झाल्या होत्या; टेंडरचं पाणी चाचणीलाच पहिल्यांदा वापरायचं होतं. आदल्या आठवड्यात वहिनींनी त्याच्या पाण्याच्या टाकीचं वरचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. आत वेल्डिंगची काजळी! तेलाचे ओघळ! कुणाच्यातरी बुटाचा ठसा! नव्या इंजिनाला हे पाणी पाजायचं? झाकणाच्या भोकातून जाईल एवढ्या अंगाचं माणूस शेडमध्ये एकच होतं. वहिनी आत उतरल्या, आणि बरोबर उतरलं निवृत्तीच्या दिवशीचं पोतं. इतकी वर्षं त्यांनी ते खास प्रसंगासाठी जपून ठेवलं होतं. यापेक्षा खास प्रसंग कुठला? सगळं ओतलं. घासघास घासलं. मग रबरी नळीने धुऊन काढलं. टाकीत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, त्यांच्या मागच्या सांदीकोपऱ्यात मात्र चुरा बसून राहिला, गुपचूप. वर आल्या तेव्हा वहिनींचा चेहरा उजळला होता. टाकी इस्पितळासारखी घमघमत होती.

चाचणीच्या दिवशी पहाटेच डिझेल इंजिनाने त्यांचं इंजिन ओढत लांबच्या स्टेशनात नेऊन सोडलं. तिथून आपल्या वाफेवर घरी यायचं: आधी चढ, मग मधलं स्टेशन, मग लांबलचक सपाट रस्ता. त्या सपाटीवरच्या पुलापासून घरच्या सिग्नलपर्यंत पूर्ण वेग टिकला पाहिजे. टिकला तर इंजिन पास. आणि त्याच सपाटीवर एक रेल्वे फाटक होतं. तिथे लेक मास्तरांना गाडीने घेऊन येणार होती. इंजिनामागे जोडलेल्या मंडळींच्या डब्यात मास्तरांना जागा होती, पण ते नाही म्हणाले. "आत बसून काय दिसणार? समोरच्याचं टक्कल."

इंजिनावर तिघंच: काका, वहिनी आणि रेल्वेचे तपासनीस. तपासनीस पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते, कडक इस्त्रीचा. इंजिनावर चढणाऱ्या माणसाने पांढरा शर्ट! वहिनींनी त्यांना तत्काळ पहिल्या ढिगात टाकलं.

निघाले झोकात. चढ लागला, काकांनी वाफ सोडायचा दांडा, म्हणजे रेग्युलेटर, उघडला, इंजिनाने दम धरला. वहिनींनी बॉयलरच्या पाण्याच्या काचेकडे पाहिलं. काचेत पाण्याची पातळी दिसते. दिसायला हवी. काचेत दूध दिसत होतं. पांढरं, फसफसणारं, वर चढणारं. "काका…" त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात चिमणीने खाकरल्यासारखा आवाज काढला आणि आकाशात भला मोठा फेस उडवला.

फेस! चिमणीतून! तो वर गेला, वाऱ्यावर फिरला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेल्या तपासनिसांच्या तोंडावर बदकन बसला. काकांनी झटक्यात रेग्युलेटर मिटला, सिलिंडरच्या तोट्या उघडल्या, दोन्ही बाजूंनी फेसाचे फवारे सुटले. इंजिन धापा टाकत थांबलं. मागच्या डब्याच्या खिडक्यांवरून बुडबुडे तरंगत गेले, एकेक इंद्रधनुष्याच्या रंगाचा. तपासनीस न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे, गालभर फेस घेऊन.

"बॉयलरच्या बांधणीतच दोष दिसतो," ते अखेर म्हणाले. "पाणी वाफेबरोबर उचललं जातंय. चाचणी इथेच थांबवावी लागेल."

वहिनी गप्प बसल्या असत्या तर बॉयलर बदनाम झाला असता आणि त्यांचं नाव वाचलं असतं. पण बॉयलर बदनाम म्हणजे चाचणी बंद, चाचणी बंद म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी मास्तर फाटकाशी उभे राहून काय बघणार होते?

"साहेब," त्या म्हणाल्या, "जरा वास घ्या."

"कसला?"

"तुमच्या गालाचा."

तपासनिसांनी बोटावर फेस घेतला, नाकाशी नेला. "लिंबू?"

"साबण आहे. टाकी मी धुतली. आतून."

काकांनी आधी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे गदगदायला लागले. "अहो वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "सबंध आयुष्यात बॉयलर फुटलेला पाहिला, इंजिन रुळावरून उतरलेलं पाहिलं, पण आंघोळ घातलेलं नाही हो पाहिलं!" तपासनीस हसले नाहीत. मात्र काका हसायचे थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मधल्या स्टेशनापर्यंत हळूहळू चला. सगळं पाणी काढा, नवीन भरा. काच स्वच्छ दिसली तर पुढे जायचं. नाही दिसली तर डिझेल बोलावतो."

मधल्या स्टेशनात जी तारांबळ उडाली तिचं वर्णन काय करावं! टेंडरचं पाणी सोडलं तर रुळांमधल्या खडीवर फेसाचे डोंगर उभे राहिले. स्टेशनमास्तरांचं कुत्रं त्यात शिरलं आणि पांढरं होऊन बाहेर आलं. बॉयलरच्या तळाची झडप उघडून पाणी सोडायचं, ताजं भरायचं, पुन्हा सोडायचं, आग मात्र विझू द्यायची नाही. आणि वहिनी पुन्हा टाकीत उतरल्या, या खेपेला साबणाशिवाय. नुसत्या पाण्याने धुणं म्हणजे त्यांच्या मते धुणंच नव्हे. पण धुतलं, एकेक पत्रा, एकेक कोपरा, नखांनी खरवडून. दुपार टळली. ऊन उतरायला लागलं.

लेकीला फोन लावला. "आई, अगं कुठे आहात? बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत. उठायचं नाव नाही."

"दे त्यांना."

"गडबड करू नकोस," मास्तर म्हणाले. "पाणी नीट काढा. मी आहे इथेच."

"दिसतंय ना तुम्हाला अजून?"

"दिसतंय की. चांगलं दिसतंय."

फोन परत लेकीकडे गेला. ती जरा बाजूला गेली असावी, कारण हळू बोलली. "आई, फाटक उघडं आहे का बंद, ते मला विचारतायत."

काच स्वच्छ झाली तेव्हा सूर्य टेकला होता. तपासनिसांनी ती काच वरून, खालून, बाजूने पाहिली आणि मान हलवली. निघाले. इंजिन आता असं पळत होतं की जणू सकाळी काही झालंच नव्हतं, आणि वहिनींना त्याचा राग येत होता. आता पळून काय उपयोग? बाहेर सगळं करडं होत चाललं होतं. इंजिन गर्द हिरवं, झाडं गर्द हिरवी, त्यात मास्तरांना काय दिसणार? पुढचा दिवा दिसेल. दिवा काय, कुठल्याही गाडीला असतो. शिट्टी ऐकू येईल. पण ऐकायचं नव्हतं त्यांना, बघायचं होतं. आणि हे कुणामुळे? वहिनींच्या साबणामुळे. त्या दार उघडत होत्या, कोळसा मारत होत्या, दार लावत होत्या, आणि स्वतःला शिव्या देत होत्या. काकांच्यासुद्धा ठेवणीत नव्हत्या अशा.

दार उघडलं की क्षणभर सगळं लाल व्हायचं. काकांची टोपी, तपासनिसांचा मळलेला शर्ट, वरचा धूरसुद्धा. लावलं की पुन्हा अंधार.

वहिनींचा हात थबकला.

पूर्ण वेगात भट्टीचं दार उघडं ठेवायचं नसतं. हे काकांनी त्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की झोपेतही ऐकू येई. थंड हवा आत जाते, वाफ पडते, दाबाचा काटा खाली येतो, वेग जातो. म्हणजे चाचणीसुद्धा जाते. वहिनींनी काट्याकडे पाहिलं. मग फावडं उचललं आणि जीव खाऊन कोळसा मारायला लागल्या, मागचे कोपरे, कडा, मधे, पुन्हा कडा. खर्च करायचा तर आधी साठवायला नको? काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. वरची झडप फुसफुसायला लागली.

"वहिनी, काय लग्न आहे का घरात?" काका ओरडले. "एवढी वाफ कशाला?"

"लागणार आहे. काका, फाटकाशी मी दार उघडं ठेवणार."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याची जीभ सैल असली तरी डोकं ठिकाणावर होतं. कुणासाठी ते त्यांनी विचारलं नाही. "मी रेग्युलेटर मिटणार नाही," एवढंच म्हणाले, "म्हणजे आग बाहेर यायची नाही. पण काटा पडला तर मी जबाबदार नाही."

पूल गेला. पूर्ण वेग. तपासनीस घड्याळ काढून बसले. लांबवर फाटकाचा तांबडा दिवा लुकलुकला. काकांनी शिट्टीची दोरी ओढली ती सोडलीच नाही. आणि वहिनींनी भट्टीचं दार सताड उघडलं, फावडं हातात धरलं आणि उजेडात, फाटकाच्या बाजूला तोंड करून, ताठ उभ्या राहिल्या.

"बाई! दार!" तपासनीस ओरडले.

"लावते, लावते!" वहिनी म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

काटा लाल रेघेवरून सुटला. खाली, आणखी खाली. फाटक आलं, गेलं. वहिनींना काहीच दिसलं नाही, डोळ्यांसमोर आग होती. खुर्ची नाही, माणूस नाही, लेकीची गाडीसुद्धा नाही. मग त्यांनी दार दाणकन लावलं आणि साठवलेल्या त्या जाड आगीच्या जिवावर काटा कसाबसा थांबला, थरथरला, तिथेच राहिला. सिग्नल येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला की नाही त्यांना आठवत नाही. वेग टिकला. काठावर, पण टिकला. तपासनिसांनी घड्याळ खिशात टाकलं, म्हणाले, "पास. आणि बाई, ते दाराचं मी पाहिलं नाही."

शेडमध्ये नुसता जल्लोष. कुणी काकांना खांद्यावर घ्यायला निघालं, कंबर आठवून थांबलं. वहिनी इंजिनाच्या पायरीवरून उतरल्या. लेक मास्तरांचा हात धरून गर्दीतून येत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"दिसलं का हो इंजिन?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

वहिनी मटकन पायरीवर बसल्या. "काहीच नाही?"

"इंजिन नाही दिसलं. चाकं नाहीत, रंग नाही, काही नाही. नुसता आवाज आला. आणि मग एकदम लाल धूर, आणि मधे तू. फावडं घेऊन. मग गेलीस."

"मेला तो माझा साबण!" वहिनींचा बांध फुटला. "सबंध आयुष्य घातलंत त्या इंजिनात, घर घातलंत, डोळे घातलेत, आणि मी…"

"अगं, ऐक तरी. इंजिनाचं काय, त्याचा एकेक आरा मी हाताने घासलाय. डोळे मिटले तरी मला ते दिसतं, उद्या आंधळा झालो तरी दिसेल." मास्तर चाचपडत त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "तू तिथे उभी राहिल्यावर कशी दिसतेस, ते मात्र मला माहीत नव्हतं."

वहिनींनी नाक पुसलं, त्यामुळे नाकही काळं झालं.

"कशी दिसत होते?"

"काळीकुट्ट," मास्तर म्हणाले. "आणि कुणावर तरी चिडलेली."